‘कदाचित’साठी इंग्रजीत इतके शब्द का, आणि कोणता कुठे वापरावा?

आर्णी तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला इंग्रजी शिकवणाऱ्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. मे, माइट, पर्हॅप्स, मेबी, पॉसिबली, प्रॉबेबली, लाइकली या सगळ्यांसमोर शब्दकोशात ‘कदाचित’ किंवा ‘बहुधा’ एवढेच दिलेले असते आणि मुले मग जिथे-तिथे ‘मेबी’ लिहून मोकळी होतात. हे शब्द एकमेकांपासून वेगळे कसे करावेत, आणि गावात येणाऱ्या इंग्रजी कागदांत, म्हणजे हवामानाच्या पत्रकात, दवाखान्याच्या रिपोर्टात किंवा कोर्टाच्या नोटिशीत ते आले, तर त्यांचा अर्थ कसा लावावा, असे त्यांनी विचारले आहे. मी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो आणि आसपासच्या खेड्यांतील लोक असे कागद वाचून घेण्यासाठी माझ्याकडे येत असतात. या दोन्ही कामांच्या आधारे उत्तर देतो.

या शब्दांना ‘खात्री किती’ या एकाच मापाने मोजायला गेले की गोंधळ होतो. प्रत्येक शब्दाला तीन गोष्टी विचाराव्यात: बोलणाऱ्याला ती गोष्ट खरी असण्याची शक्यता किती वाटते, तो ते कशाच्या आधारावर म्हणतो, आणि म्हटलेले खोटे निघाले तर त्याची जबाबदारी कोणावर येते. प्रॉबेबली हा शब्द मुख्यतः पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो, मस्ट दुसऱ्याचे आणि अलेजेडली, म्हणजे ‘असा आरोप आहे’, तिसऱ्याचे. तिन्हींसाठी ‘कदाचित’ वापरले की तिन्ही उत्तरे पुसली जातात. शब्दकोशाचा यात फारसा दोष नाही. मराठीत हे काम अव्ययापेक्षा क्रियापद अधिक करते, आणि शब्दकोश क्रियापदाचे रूप समोर ठेवत नाही.

‘पोलीस पाटील घरी आहेत का?’ या प्रश्नाला आपल्या गावात किती प्रकारे उत्तर मिळते ते पाहा. ‘असतील’ म्हणणाऱ्याने केवळ अंदाज केला आहे. ‘असावेत’ म्हणणाऱ्याला काही खूण दिसली आहे, उदाहरणार्थ दारात त्यांची मोटारसायकल उभी आहे. ‘असणारच’ म्हणणाऱ्याला त्यांचा दिनक्रम ठाऊक आहे. ‘असू शकतील’ म्हणणाऱ्याला एवढेच सांगायचे आहे की ते घरी नाहीत असे मानायला त्याच्याकडे कारण नाही. ‘आहेत म्हणे’ म्हणणाऱ्याने दुसऱ्याचे ऐकलेले पुढे केले आहे आणि स्वतःचे अंग काढून घेतले आहे. या पाच उत्तरांत ‘कदाचित’ एकदाही आले नाही, तरी ऐकणाऱ्याला पाचही फरक बिनचूक कळतात. इंग्रजीत यांच्या जागी अनुक्रमे विल, मस्ट, पुन्हा मस्ट किंवा विल, मग मे अथवा कुड, आणि शेवटी ॲपरंटली हे शब्द येतात.

ही जुळणी अगदी काटेकोर नाही, पण वर्गात सुरुवात करायला पुरेशी आहे. विलविषयी मुलांना आश्चर्य वाटते, कारण त्यांना ते भविष्यकाळाचे म्हणूनच शिकवलेले असते. दार वाजल्यावर इंग्रज माणूस ‘दॅट विल बी द पोस्टमन’ म्हणतो, तेव्हा तो भविष्याबद्दल बोलत नसतो; ‘पोस्टमन असेल’ यात आपणही भविष्यकाळाचे रूप वर्तमानाच्या अंदाजासाठीच वापरतो. फरक इतकाच की इंग्रजी विलमध्ये आपल्या ‘असेल’पेक्षा जास्त खात्री असते. मस्टचे वजन ‘असावा’ आणि ‘असणार’ यांच्या मधोमध कुठेतरी पडते, आणि ‘एव्हाना बस पोचायला हवी होती’ यातल्या ‘हवी होती’साठी शुड हॅव हा प्रयोग ठरलेला आहे. आपली मुले घरी ‘तो आला असन’, ‘पानी येईन वाटते’ असेच बोलतात. वऱ्हाडीतल्या या ‘असन’ आणि ‘येईन’मुळे प्रमाण मराठीच्या पेपरात त्यांचे गुण जातात, पण अंदाज आणि खात्री यांतला भेद त्यांना पक्का येतो. इंग्रजीच्या तासाला शिक्षकाने त्या ‘असन’पासूनच सुरुवात करावी असे माझे स्पष्ट मत आहे.

मस्टमध्ये मुले हमखास अडखळतात, कारण त्यांनी मस्ट म्हणजे ‘पाहिजे’ असे पाठ केलेले असते. ‘शी मस्ट बी टायर्ड’ याचे भाषांतर मग ‘तिने थकले पाहिजे’ असे होते. ओळखण्याची एक सोपी रीत अशी आहे: मस्टच्या पुढे बी येऊन एखादी अवस्था सांगितली असेल, किंवा हॅव येऊन क्रियापदाचे तिसरे रूप आले असेल, तर बहुतेक वेळा तो तर्क असतो, पुढे गो, पे, साइन अशी करायची कृती असेल, तर सक्ती असते. याशिवाय मस्ट हा शब्द कानाला जोरदार वाटला तरी तो साध्या विधानापेक्षा कमजोर आहे. डोळ्यांसमोर पाऊस पडत असताना कोणी ‘इट मस्ट बी रेनिंग’ म्हणत नाही. बाहेरून आलेल्याची छत्री ओली दिसली आणि पाऊस स्वतः पाहिलेला नसला, तरच म्हणतो.

नकार आला की चित्र बदलते. ‘तो घरी असणार’ याला मस्ट लावले, म्हणून ‘तो घरी असणे शक्य नाही’ याला मस्ट नॉट लावून चालत नाही. तिथे कान्ट येते. मस्टन्टचा अर्थ जवळजवळ नेहमी मनाई असा होतो. ‘ही मे नॉट कम’ म्हणजे तो न येण्याची शक्यता आहे, तर ‘ही कॅनॉट कम’ म्हणजे त्याला येता येणार नाही. या दोहोंतली गल्लत परीक्षेत एका गुणाची असते. एखाद्या कार्यालयाच्या पत्रात मात्र ती महागात पडू शकते.

भूतकाळात मे आणि माइट यांच्यातला फरक खरा उपयोगाचा आहे. नाल्याला पूर आला आणि बैल सापडत नाही, तेव्हा आपण म्हणतो, ‘बैल वाहून गेला असेल.’ बैल संध्याकाळी परत आला तर म्हणतो, ‘थोडक्यात वाचला, वाहून गेला असता.’ मराठीत ‘असेल’ आणि ‘असता’ यांची कधीच सरमिसळ होत नाही. इंग्रजीत माइट हॅव हा प्रयोग दोन्ही ठिकाणी चालतो, पण काळजीपूर्वक लिहिणारा मे हॅव फक्त पहिल्या ठिकाणी, म्हणजे काय झाले ते अजून कळलेले नसतानाच वापरतो. वर्तमान आणि भविष्यासाठी मात्र ‘मेपेक्षा माइट कमजोर’ हा व्याकरणाच्या पुस्तकांतला नियम फार ताणू नये. तो चुकीचा नाही, पण रोजच्या वापरात इंग्रजी बोलणारे लोक हे दोन शब्द सहज एकमेकांच्या जागी घालतात.

कॅन आणि मे यांच्यातला भेद तितका शिकवला जात नाही, तो शिकवायला हवा. ‘मे महिन्यात चंद्रपूरचे तापमान ४५ अंशांच्या वर जाऊ शकते’ हे सर्वसाधारण विधान आहे. तिथे असे होत असते, एवढाच त्याचा अर्थ, आणि त्यासाठी कॅन वापरावे. ‘उद्या चंद्रपूरचे तापमान ४५ अंशांच्या वर जाऊ शकते’ हा एका ठरावीक दिवसाचा अंदाज आहे. तिथे मे, माइट किंवा कुड यावे, कॅन नको. मराठीत दोन्हींसाठी ‘शकते’ असल्यामुळे आपल्या लेखनात कॅन नको तिथे शिरतो आणि वाचणाऱ्याला तो अंदाज न वाटता क्षमता वाटते.

आता अव्यये. पर्हॅप्स आणि मेबी यांचा अर्थ एकच आहे, फरक प्रसंगाचा आहे: पत्रात आणि निबंधात पर्हॅप्स, बोलताना मेबी. पर्हॅप्समधला हॅप म्हणजे योगायोग; घडणे या अर्थाचे हॅपन त्याच मुळाचे आहे. मेबी हा एक शब्द आहे आणि तो वाक्याच्या सुरुवातीला येतो. मे बी हे दोन शब्द आहेत आणि ते कर्त्यानंतर क्रियापदाच्या जागी येतात. ‘मेबी ही इज इल’ आणि ‘ही मे बी इल’ ही दोन वाक्ये फळ्यावर एकाखाली एक लिहिली की सातवीच्या मुलांनाही फरक दिसतो. पॉसिबली म्हणजे अशक्य नाही, एवढेच; प्रॉबेबली म्हणजे न होण्यापेक्षा होण्याकडे पारडे झुकलेले आहे. शब्दकोश कधी कधी पॉसिबलीसमोर ‘शक्यतो’ लिहितात, ते चूक आहे. ‘शक्यतो सकाळी या’ यात शंका नाही, आग्रह आहे. त्याला इंग्रजीत प्रेफरेबली किंवा ॲज फार ॲज पॉसिबल म्हणावे लागेल.

लाइकलीच्या शेवटी ली असल्यामुळे मुले त्याला क्रियाविशेषण समजतात, पण त्याचे मुख्य काम विशेषणाचे आहे. ‘इट इज लाइकली टू रेन’ ही त्याची सर्वांत नेहमीची जागा. लाइक म्हणजे आवडणे याच्याशी त्याचा आजच्या अर्थाने संबंध नाही, हे एकदा सांगून टाकावे. हा शब्द विदर्भातल्या शेतकऱ्याच्या मोबाइलवर पावसाळाभर येतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो.

शब्द आणि आकडा यांचे नाते किती सैल असते, याचा एक प्रसिद्ध दाखला १९५१चा आहे. अमेरिकेच्या गुप्तवार्ता यंत्रणेने त्या वर्षी युगोस्लाव्हियाविषयी एक अहवाल तयार केला आणि तिथे त्या वर्षात हल्ला होणे ही ‘सीरियस पॉसिबिलिटी’ समजावी, असे लिहिले. त्या कामातील वरिष्ठ विश्लेषक शर्मन केंट यांना परराष्ट्र खात्यातील एका अधिकाऱ्याने विचारले की, या शब्दांनी तुम्हाला नेमके किती म्हणायचे होते. केंट म्हणाले, हल्ला होण्याच्या बाजूने ६५ आणि न होण्याच्या बाजूने ३५. अधिकारी चकित झाला, कारण त्याने ते शब्द वाचून शक्यता बरीच कमी धरली होती. मग केंट यांनी अहवालावर सही करणाऱ्या आपल्याच सहकाऱ्यांना विचारले, तेव्हा कोणाच्या मनात २० होते आणि कोणाच्या मनात ८०. सर्वांनी एकाच वाक्याला संमती दिली होती. हल्ला त्या वर्षी झाला नाही. पुढे १९६४ मध्ये केंट यांनी लेख लिहून शब्दांना आकडे बांधून देण्याचा प्रयत्न केला. त्यात ऑलमोस्ट सर्टनसाठी सुमारे ९३ टक्के, प्रॉबेबलसाठी सुमारे ७५ आणि प्रॉबेबली नॉटसाठी सुमारे ३० टक्के असे सुचवले होते. हे लोक इंग्रजीतच जन्मलेले होते, तेव्हा आपल्या मुलांना या शब्दांचा थांग लागत नाही यात नवल नाही.

त्यानंतर अनेक संस्थांनी आपापले तक्ते केले, आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. हवामानबदलावर अहवाल देणाऱ्या आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या लेखी लाइकली म्हणजे ६६ टक्के किंवा त्याहून अधिक, व्हेरी लाइकली म्हणजे ९० टक्के किंवा त्याहून अधिक, आणि व्हर्च्युअली सर्टन म्हणजे ९९ च्या वर. आपल्या भारतीय हवामान विभागाच्या दैनंदिन पत्रकांत मात्र अनलाइकली म्हणजे २५ टक्क्यांहून कमी, लाइकली म्हणजे २५ ते ५०, व्हेरी लाइकली म्हणजे ५० ते ७५ आणि मोस्ट लाइकली म्हणजे ७५ टक्क्यांहून जास्त. म्हणजे हवामान विभागाने नुसते लाइकली म्हटले, तर त्याच्या हिशेबाने पाऊस न पडण्याची बाजू अजून जड आहे. सामान्य इंग्रजीत लाइकलीचा अर्थ नेमका उलटा, म्हणजे होण्याकडे कल असा आहे. पत्रकाच्या तळाशी हा तक्ता दिलेला असतो, पण मोबाइलवर पुढे ढकललेल्या तुकड्यात तो कापला गेलेला असतो.

याच पत्रकात दुसरी एक शब्दमाला असते, ती शक्यतेची नसून विस्ताराची आहे. ॲट आयसोलेटेड प्लेसेस म्हणजे त्या विभागातील पाऊस मोजणाऱ्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर, ॲट अ फ्यू प्लेसेस म्हणजे २६ ते ५० टक्के, ॲट मेनी प्लेसेस म्हणजे ५१ ते ७५, आणि ॲट मोस्ट प्लेसेस म्हणजे ७६ ते १०० टक्के केंद्रांवर. मराठी पत्रकात यांसाठी ‘तुरळक ठिकाणी’, ‘काही ठिकाणी’ असे शब्द येतात. हवामान विभागाच्या दृष्टीने विदर्भ हा एक उपविभाग आहे आणि त्यात बुलडाण्यापासून गडचिरोलीपर्यंत ११ जिल्हे येतात. तेव्हा ‘व्हेरी लाइकली ॲट आयसोलेटेड प्लेसेस ओव्हर विदर्भ’ असे वाचले की त्याचा अर्थ असा घ्यावा: एवढ्या मोठ्या मुलखात कुठे तरी थोड्या ठिकाणी पाऊस होण्याची शक्यता ५० ते ७५ टक्के आहे, तुमच्या शिवारात तो पडेल याची शक्यता त्याहून बरीच कमी आहे. ‘व्हेरी’ हा शब्द पाहून पेरणीची घाई करणारे आणि मग दुबार पेरणीच्या काळजीत पडणारे लोक मला दर मोसमात भेटतात. पत्रक चुकलेले नसते, वाचन चुकलेले असते. तरी एकाच वाक्यात शक्यतेची आणि विस्ताराची अशा दोन वेगळ्या मापांचे शब्द शेजारी ठेवून सामान्य वाचकाकडून ते सोडवण्याची अपेक्षा करणे मला योग्य वाटत नाही. हेवी रेन या शब्दाला मात्र पक्के माप आहे: २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर. तिथे शंकेला जागा नाही.

आता ज्या जोडीमुळे अर्थ थेट उलटा होतो, ती डाउट आणि सस्पेक्ट यांची जोडी. मराठीत ‘मला संशय आहे की त्यानेच मोटार चोरली’ असे म्हणणाऱ्याचा त्या माणसावर वहीम असतो. इंग्रजीत ‘आय डाउट दॅट ही स्टोल द मोटर’ याचा अर्थ होतो, त्याने ती चोरली असे मला वाटत नाही. वहीम सांगायचा असेल तर सस्पेक्ट लिहावे लागते. विहिरीवरचा पंप चोरीला गेल्यावर इंग्रजीत तक्रार लिहून देताना कोणी डाउट वापरले, तर ज्याच्यावर बोट ठेवायचे त्यालाच त्याने निर्दोष ठरवलेले असते. लक्षात ठेवण्यासाठी मी मुलांना इतकेच सांगतो की डाउटनंतर येणारी गोष्ट आपल्याला खोटी वाटते आणि सस्पेक्टनंतर येणारी खरी वाटते. गंमत अशी की स्कॉटलंडच्या बोलीत ‘आय डाउट इट विल रेन’ म्हणजे पाऊस येईल असे वाटते, म्हणजे तिथला डाउट आपल्या संशयासारखाच चालतो. पण परीक्षेचा पेपर स्कॉटलंडच्या बोलीत तपासला जात नाही. वर्गात हात वर करून ‘सर, आय हॅव अ डाउट’ म्हणण्याची आपली पद्धत भारतभर रूढ आहे आणि ती भारतात सर्वांना समजते, म्हणून मी तिला चूक म्हणत नाही. परदेशी माणसाशी बोलताना मात्र तिथे क्वेश्चन म्हणावे, नाहीतर त्याला वाटेल की आपण त्याच्या म्हणण्यावर अविश्वास दाखवत आहोत.

ऐकीव गोष्ट सांगणारे शब्द हा स्वतंत्र गट आहे आणि त्याला आपला ‘म्हणे’ पुरून उरतो, म्हणूनच तो इंग्रजीत नेताना विचार करावा लागतो. ॲपरंटलीमध्ये ‘मी स्वतः पाहिले नाही, पण दिसते किंवा कानावर येते ते असे’ इतकाच भाव आहे. रिपोर्टेडली हा बातमीदाराचा शब्द, तटस्थ. सपोजेडली लिहिणाऱ्याचा त्या गोष्टीवर विश्वास नसतो; ‘ते म्हणे समाजसेवक आहेत’ यातला तिरका ‘म्हणे’ तिथे बसतो. प्रिझ्युमेबली ऐकीव नाही, तो तर्काचा आहे: पुरावा समोर नाही, पण नेहमीच्या अनुभवावरून असे गृहीत धरायला हरकत नाही. अलेजेडली फक्त आरोपासाठी राखून ठेवावा. एखाद्याने गावाला मदत केली असे सांगताना अलेजेडली लिहिले, तर वाक्य विनोदी होईल. मराठी वर्तमानपत्रांतला ‘कथित’ अलेजेडलीच्या अगदी जवळ आहे.

कायद्यात हे शब्द सैल राहत नाहीत. १८७२ च्या पुरावा कायद्यात आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही मे प्रिझ्यूम आणि शॅल प्रिझ्यूम हे दोन वेगळे प्रयोग आहेत. पहिल्यात न्यायालय ती गोष्ट गृहीत धरू शकते किंवा तिचा पुरावा मागू शकते. दुसऱ्यात ती खोटी सिद्ध होईपर्यंत गृहीत धरलीच पाहिजे. म्हणजे कायद्यातला मे ‘कदाचित’ नव्हे, तो अधिकार देणारा मे आहे. याच कायद्यात सिद्ध या शब्दाच्या व्याख्येतसुद्धा प्रॉबेबल हा शब्द आहे, हे वाचून माझे विद्यार्थी थबकतात: एखादी गोष्ट आहे असे न्यायालयाला वाटले, किंवा ती इतकी संभवनीय वाटली की शहाण्या माणसाने ती आहे असे धरूनच वागावे, तर ती सिद्ध झाली. फौजदारी खटल्यात वाजवी संशयापलीकडे आरोप सिद्ध व्हावा लागतो, पण संशयाचा लवलेशही नको असे कायदा म्हणत नाही.

कार्यालयीन पत्रांतही हा मे वेगवेगळ्या वेशांत येतो. ‘मे काइंडली बी सँक्शन्ड’ म्हणजे ‘कृपया मंजूर करण्यात यावे’; ती विनंती आहे, तिथे शंका शोधू नये. ‘द क्लेम मे बी कन्सिडर्ड’ असे पीक विम्याच्या पत्रात असेल, तर दाव्याचा विचार होऊ शकेल, एवढेच ते सांगते. मंजुरीचे आश्वासन त्यात नाही. ‘सब्जेक्ट टू’ हे शब्द दिसले तर त्यापुढचे वाक्य आधी वाचावे, कारण खरी अट तिथे असते.

दवाखान्याच्या कागदांबाबत मी भाषेपुरतेच सांगू शकतो आणि प्रत्येकाला तो कागद घेऊन डॉक्टरांकडे परत जाण्यास सांगतो. रोगाच्या नावाआधी प्रश्नचिन्ह काढलेले असते, त्याला क्वेरी म्हणतात. तो रोग आहे असे डॉक्टरांनी म्हटलेले नसते, तो आहे का ते तपासायचे आहे असे म्हटलेले असते. सजेस्टिव्ह ऑफ म्हणजे लक्षणे किंवा चित्र त्या रोगाकडे बोट दाखवते. कन्सिस्टंट विथ म्हणजे त्या रोगाशी जुळते, पण दुसऱ्याशीही जुळू शकते. कॅनॉट बी रूल्ड आउट म्हणजे तो नाही असे सांगता येत नाही, आणि घाबरलेले नातेवाईक नेमके हेच शब्द ‘आहे’ असे वाचतात. नो एव्हिडन्स ऑफ म्हणजे या तपासणीत आढळला नाही. मुळीच नाही, असे नव्हे. प्रोव्हिजनल म्हणजे तूर्त. हे शब्द डॉक्टर टाळाटाळ म्हणून लिहीत नाहीत, जेवढे दिसले तेवढेच लिहिण्याची त्यांची ती शिस्त आहे. पण रुग्णाला ते मराठीत समजावून सांगायला दोन मिनिटे कोणीतरी द्यायला हवीत. औषधाच्या डबीतल्या कागदावर दुष्परिणामांसाठी कॉमन, रेअर हे शब्द येतात. युरोपात त्यांना ठरलेले आकडे आहेत: कॉमन म्हणजे १०० जणांत १ ते १० जणांत १, रेअर म्हणजे १०,००० त १ ते १,००० त १. तेव्हा कॉमन हा शब्द वाचून तो त्रास आपल्याला होणारच असे समजू नये.

काही लहान गोष्टी. शुअरली या शब्दात नावाप्रमाणे खात्री नसते. ‘शुअरली यू नो हिम’ म्हणजे ‘तुम्ही त्यांना ओळखत असालच ना’, असा होकार मागणारा प्रश्न असतो. नो डाउटने सुरू होणाऱ्या वाक्याच्या पुढे बहुधा बट येतो, जसा आपल्या ‘हुशार आहे यात शंका नाही’च्या पुढे ‘पण’ येतो. आकड्याआधी सम आला, उदाहरणार्थ ‘सम टू हंड्रेड फार्मर्स’, तर तो ‘काही’ नसून ‘सुमारे’ असतो. ट्वेंटी-ऑड म्हणजे विसाहून थोडे जास्त, त्यामुळे ‘वीसेक’ हे भाषांतर पूर्ण बरोबर नाही, कारण वीसेकमध्ये अठराही चालतात. आणि इन केस म्हणजे ‘जर’ नव्हे: ‘टेक ॲन अंब्रेला इन केस इट रेन्स’ याचा अर्थ पाऊस आला तर छत्री घे असा नसून, पाऊस आलाच तर असावी म्हणून आत्ताच घे, असा आहे.

सहावी-सातवीसाठी यातले सगळे लागत नाही. मे, मस्ट, कान्ट, पर्हॅप्स आणि प्रॉबेबली एवढे पाच शब्द पुरेत. लाइकली आठवीला, आणि डाउट-सस्पेक्टची जोडी दहावीच्या आधी केव्हाही. रिकाम्या जागा भरायला देऊ नयेत, कारण संदर्भाशिवाय रिकाम्या जागेत पाचपैकी तीन शब्द सहज बसतात आणि मग शिक्षकाचे उत्तर तेवढे बरोबर ठरते. त्याऐवजी मुलांना वऱ्हाडीत एक खूण सांगावी: चूल विझलेली आहे, दाराला कुलूप आहे, कुत्रे अंगणात बसले आहे. मग घरच्यांबद्दल प्रत्येकाने एक इंग्रजी वाक्य करावे आणि तो शब्द का निवडला ते मराठीतून सांगावे. कारण पटले तर गुण द्यावेत, उत्तरपत्रिकेत मेच्या जागी माइट आला असला तरी.